फाटणारा निळा रंग आणि मालतीबाई

मालतीबाई सामंत यांना मी पहिल्यांदा पाहिले ते अंबरनाथच्या आमच्या रंगकारखान्याच्या फाटकाशी. पॅकिंगच्या बायकांचे दार पलीकडे आहे, असे पहारेकरी त्यांना सांगत होता, आणि आपण नव्या केमिस्ट आहोत हे बाई त्याला न रागावता समजावत होत्या. मी उत्पादन खात्यातला. त्यांना आत घेऊन गेलो. आज बाईंना साठ वर्षे पूर्ण होत असताना या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मिळाला, हे माझे भाग्य.

स्वातंत्र्य तेव्हा नवे होते. उल्हासनगरात सिंधमधून आलेली कुटुंबे लष्कराच्या जुन्या बराकींत संसार मांडत होती. त्यांतलेच लालचंदभाई कापडावर छपाई करीत आणि निळा रंग आमच्याकडून नेत. एका उन्हाळ्यात तो रंग फाटू लागला. ड्रम उघडला की वर नितळ पाणी आणि खाली दह्यासारख्या गुठळ्या. कापडावर डाग पडू लागले, आणि लालचंदभाईंनी माल परत पाठवला.

दळण जाड राहते, कामगार अंग चोरतात, असे मालकांनी ठरवून टाकले. रंग दळण्याच्या मिलवर खरवईचे काशीनाथ म्हात्रे आणि त्यांचे सोबती होते. त्यांना काढून ते खातेच बंद करायचे आणि दळलेला रंग बाहेरून आणायचा, असे ठरले. काशीनाथ प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. "बाय, दलन बराबर व्हतं. मी काय कमी नाय केलं."

"आधी मला पाहू द्या," बाई म्हणाल्या. "मग मी मालकांशी बोलते."

त्यांनी मालकांकडून थोडी मुदत मागून घेतली. रंगाचे कण पाण्यात एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभारामुळे. तो भार गेला की ते चिकटतात, एवढे पुस्तकातून आम्हालाही ठाऊक होते. पण तो भार मोजायचा कसा? यंत्र परदेशातून मागवण्याची सोय नव्हती. बाईंनी गावातल्या डॉक्टरांकडून सूक्ष्मदर्शक मागून आणला. उल्हासनगरच्या भंगारबाजारातून लष्करी रेडिओच्या बॅटऱ्या मिळवल्या. काचेच्या पट्ट्या जोडून एक चपटी कुपी केली, ती गळली, पुन्हा केली. कुपीत रंगाचे पातळ पाणी भरून वीज सोडली, की भार असलेले कण एका टोकाकडे सरकत. ते किती वेगाने सरकतात, यावरून भार कळे.

जुन्या साठ्यातला रंग झरझर सरकला. नव्या रंगाच्या गुठळ्या जागच्या हलेनात. दोन्हींचे दळण सारखेच बारीक होते. मग फरक कशात? त्या उन्हाळ्यात आम्ही नदीचे पाणी सोडून आवारातल्या नव्या विहिरीचे वापरू लागलो होतो. चवीला गोड, दिसायला स्वच्छ, म्हणून कोणाला संशय आला नाही. त्या पाण्यातले चुन्याचे क्षारच कणांवरचा भार मारून टाकीत होते.

बाईंनी मालकांना बोलावले. काशीनाथांनाही बोलावले, हे मला विशेष वाटले. विहिरीच्या पाण्यातला रंग दाखवला. काहीच हलले नाही. मग त्यात चुन्याच्या क्षारांना बांधून ठेवणारे चिमूटभर फॉस्फेट घालून ढवळले आणि कुपी पुन्हा भरली. मालक बराच वेळ डोळा लावून वाकून राहिले.

"चालायला लागले की," ते हळूच म्हणाले.

"दळण पहिल्यापासून चांगलंच होतं, शेठ. दोष पाण्याचा होता."

मालकांनी तिथल्या तिथे काशीनाथांचा हात हातात घेतला. पुढच्या आठवड्यात लालचंदभाईंच्या छापखान्यात फॉस्फेट घातलेल्या रंगाने छापलेले कापड उन्हात पसरले. आम्ही सगळे वाकून डाग शोधत होतो. एकही सापडला नाही. लालचंदभाई बाईंसमोर हात जोडून म्हणाले, "बहनजी, अब जितना माल है, सब मेरा."

त्यानंतर हे मोजमाप झाल्याशिवाय एकही ड्रम फाटकाबाहेर जायचा नाही, असा बाईंनी दंडक घातला. ऐन दिवाळीच्या घाईत एकदा कणांचा वेग कमी भरला. ट्रक उभा, मालक संतापलेले. "माझी सही हवी असेल, तर कण चालले पाहिजेत," एवढेच बाई म्हणाल्या. ट्रक रिकामा गेला. पुढे मालकच नव्या गिऱ्हाइकांना हा किस्सा अभिमानाने ऐकवू लागले.

एवढ्या करड्या शिस्तीच्या या बाई, माझी पत्नी विषमज्वराने आजारी असताना, कारखाना सुटल्यावर बदलापूरला आमच्या घरी येत, तिच्या उशाशी बसत आणि आमच्या धाकटीची वेणीही घालून देत. आभार मानू लागलो की त्या कारखान्याचा विषय काढीत.

निवृत्तीनंतर बाईंनी बदलापूरच्या मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा उभी करायला घेतली आहे. आमच्यापैकी अनेकांना तिथे कामाला जुंपलेही आहे. सत्काराची तारीख त्यांनी त्या कामाच्या सोयीने ठरवायला लावली. त्यांची दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो, प्रकृती खणखणीत राहो, आणि त्या शाळेतून केमिस्ट होऊन निघालेल्या मुलींनी बाईंच्या शंभरीचा गौरवग्रंथ लिहावा, हीच आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा.