डोंगराकडे तोंड

डोंगरबोरीत दिशा विचारायची रीतच नव्हती. डोंगर म्हणजे उत्तर, विषय संपला. बालाघाटाचा तो कडा गावावर असा ओणवलेला, की वर बघताना पाहुण्याची टोपी पडायची आणि गावकरी खूश व्हायचे. पहिला व्यापारी इथं वसला तो कड्यातल्या झऱ्यासाठी. त्यानं दार झऱ्याकडं ठेवलं, शेजाऱ्यानं त्याचं पाहून ठेवलं, आणि बघता बघता वेशीपासून बाजारतळापर्यंत अख्खी पेठ डोंगराकडं तोंड करून बसली. निजामी आली, गेली. दार कुणी फिरवलं नाही.

हळदीचे व्यापारी धोंडप्पा लिंगायत समाजात एक काम मानानं करत. कुणी लिंगैक्य झालं की त्याला मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, उत्तरेला तोंड करून मातीत बसवायचं, ही तिथली रीत. ती उत्तर धोंडप्पा धरत. कड्याकडं बघून टाचेनं रेघ ओढत, आणि लोक त्या रेघेवर कुदळ घालत. बहात्तरच्या दुष्काळात झरा आटला, त्याच उन्हाळ्यात त्यांची बायको शिवकांता गेली. तिचीही रेघ त्यांनीच ओढली आणि शेजारची जागा स्वतःसाठी राखली.

पुढं लातूर जिल्हा झाला. पेढे वाटले गेले, नव्या कचेरीत गावाचा नकाशा लागला. धोंडप्पा कौतुकानं बघायला गेले, तर डोंगर एका कोपऱ्यात.

“साहेब, आमचा डोंगर कोपऱ्यात का ढकलला?”

“काका, नकाशात वरची बाजू उत्तर. डोंगर ईशान्येला आहे तुमचा.”

त्या दिवशी त्यांना भाकरी गोड लागली नाही. संध्याकाळी ते मठात स्वामींकडं गेले. “सगळ्यांना तिरपं बसवलं म्या, स्वामी. शिवकांताला बी.”

स्वामी भला माणूस. म्हणाले, “झालं ते झालं. पुढचे खड्डे नकाशापरमानं घेऊ. तुमचाबी.”

धोंडप्पा मनातल्या मनात दोन्ही खड्डे मांडून बघू लागले. नवरा-बायको शेजारी शेजारी, आणि तोंडं दोन दिशांना! एवढ्या संसारात भांडणं काय कमी झाली होती? पण अशी पाठ फिरवून कुणी कायमचं बसलं नव्हतं.

सकाळी ते डोंगर चढले. जन्म पायथ्याशी गेला, पण वर कधी गेले नव्हते. जिथं गिऱ्हाईक नाही तिथं व्यापारी कशाला जातोय? गुडघ्यांना शिव्या देत माथा गाठला, मागं वळले आणि जागीच थिजले. खाली सारं गाव त्यांच्याकडं बघत होतं. एकूण एक दार, एकूण एक ओसरी, आणि तळाशी समाध्यांच्या तोंडाकडचे दिव्याचे कोनाडे. जिवंत, मेलेलं, कुणीच तोंड फिरवलं नव्हतं. सगळ्यांचं हे एकाच बाजूला बघणं, एवढं मोठं काही आपण रोज अंगावर पांघरून झोपतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते हात जोडून पोटभर रडले.

उतरताना ते थेट शिवकांताच्या समाधीपाशी गेले. शेजारच्या जागेत कड्याकडं बघून टाचेनं रेघ ओढली आणि पुसली जाऊ नये म्हणून तिच्यावर दगड रोवू लागले. स्वामींना कुणीतरी बोलावून आणलं.

“पुढल्यांचं तुमी बगा,” धोंडप्पा म्हणाले. “नकाशा खरा हाय, मी भांडत न्हाई. माझी रेघ मातर हीच.”

“आवो, समजून उमजून चुकीचं बसता का?”

“हाव. तिला मी बसवलंय. एकलीला कसं चुकू देऊ?”

स्वामींनी खाली वाकून पुढचा दगड उचलून दिला.