ताकातले थेंब

दादाचं अक्षर बारीक झालंय, हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. त्यात माझं काही कौतुक नाही, माझं पोटच मेंदूवरच्या औषधांच्या कामावर चालतं. पण लक्षात येऊनही मला काही उलगडेना, हे मात्र झोंबलं.

माझा मोठा भाऊ डोंबिवलीतल्या एका क्लासमध्ये दहावीच्या पोरांना भूमिती शिकवायचा. फळ्यावर कंपासशिवाय, एका दमात वर्तुळ काढायचा आणि ते जिथून निघालं तिथेच येऊन मिळायचं. पोरं टाळ्या वाजवायची. मग त्याला वाटायला लागलं की मागच्या बाकावरची पोरं आपल्याबद्दल कुजबुजतात. पुढे वर्ग रिकामा असतानाही ती कुजबुज ऐकू यायला लागली, आणि मग घरातल्या पंख्यातून. एकदा भर वर्गात तो कान झाकून खाली बसला, आणि क्लासमधली नोकरी सुटली. डॉक्टरकडे चल म्हटलं तर त्याने घर डोक्यावर घेतलं. "मी वेडा नाहीये! मेलो तरी गोळीला हात लावणार नाही." दादा शब्दाचा पक्का आहे. म्हणजे हट्टी आहे, पण आमच्या घरात दोन्हीला एकच मानतात.

शेवटी आई एकटीच ठाण्याला जाऊन आली. ठाण्यालाच का, हे डोंबिवलीकराला सांगावं लागत नाही. गावातल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या जिन्यावर कुणी दिसलं की संध्याकाळी भाजीवालीसुद्धा विचारते, "काय, घरी सगळं बरं ना?" डॉक्टरांनी आईचं ऐकून घेतलं आणि बिनवासाचं, बिनचवीचं पातळ औषध लिहून दिलं. गणपती गेल्यावर दादाच्या दुपारच्या ताकात त्याचे थेंब पडायला लागले. ते सोपंच होतं. आईला उष्ट्याचा भारी तिटकारा, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येकाचा पेला ठरलेला. दादाचा काठाला पोचा आलेला. त्या पेल्याला चुकूनही दुसरं कुणी तोंड लावणार नाही, याची खात्री.

माणसाला न सांगता औषध पाजणं बरोबर की चूक, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. सख्खा भाऊ पंख्याशी भांडत असताना असले प्रश्न नीट सुचतही नाहीत.

गुण मात्र आला. दिवाळीपर्यंत पंखा गप्प झाला. दादा वेळेवर अंघोळ करून जेवायला बसू लागला, हॉलच्या भिंतीवर त्याने फळा ठोकला. क्लासच्या सरांचा निरोप आला की मे महिन्यात एक डेमो लेक्चर घ्या, जमलं तर जूनपासून दहावीची बॅच तुमची. दादा त्या लेक्चरवर जगत होता. ते हुकलं तर तो पुन्हा खोलीचं दार लावून बसणार, याबद्दल आईला आणि मला शंका नव्हती.

आणि संक्रांतीच्या सुमाराला त्याचं अक्षर बारीक व्हायला लागलं. 'पक्ष' ठळक, 'साध्य' त्याहून लहान आणि 'सिद्धता' संपेपर्यंत नुसत्या मुंग्या. वर्तुळाची टोकं एकमेकांना भेटेनात. चालताना हात हलेनासे झाले. चेहरा असा झाला की तो हसला तरी कळायचं नाही.

मी शीळफाट्याच्या पुढे एका प्रयोगशाळेत काम करते. मेंदूतले रिसेप्टर आणि त्यांच्यावर जाऊन बसणारी औषधं, हा आमचा धंदा. रिसेप्टर समजावताना सगळे कुलूप आणि किल्ली आणतात. मला त्या कुलपाचा कंटाळा आलाय, मी एसटीत जागा धरायला टाकतात तो रुमाल सांगते. रिसेप्टर म्हणजे पेशीवरच्या बसायच्या जागा. डोपामीन नावाचं मेंदूतलं रसायन येऊन बसलं की आत निरोप जातो. दादाच्या आजारात या निरोपांचा कल्ला होतो, असं आम्ही मानतो. औषध काय करतं, तर काही जागांवर रुमाल टाकून ठेवतं. रुमाल कमी पडले तर कल्ला चालूच राहतो. जास्त पडले तर हातापायांना जाणारे निरोपही अडतात, माणूस आखडतो, अक्षर बारीक होतं. कुठल्या औषधाचे किती रुमाल पडतात हे मी दिवसभर मोजते. कुठल्या नळीत औषध आहे आणि कुठल्या नळीत नुसतं पाणी, हे मोजणाऱ्याला मुद्दाम सांगत नाहीत. नाहीतर मनातलं उत्तर आकड्यात उतरतं.

तेव्हा दादाला काय झालंय हे मला कळायला हवं होतं. रुमाल जास्त झाले होते. पण आई देत होती ते औषध अगदीच थोडं होतं. ठाण्याच्या डॉक्टरांना विचारून तिने थेंब निम्म्यावर आणले. फरक जेमतेम. एवढ्याशा औषधाने माणूस इतका आखडावा? त्याचं यकृत औषध सावकाश पचवत असेल, रिसेप्टरच वेगळ्या घडणीचे असतील, किंवा हे आखडणं औषधाचं नसेलच, आजाराचं असेल. मी प्रयोगशाळेत "माझ्या ओळखीत एक पेशंट आहे" म्हणून विचारून बघितलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटल्यावर उत्तरंही तशीच मिळणार. जितकी तोंडं तितकी मतं घेऊन घरी आले.

एप्रिलमध्ये आईचा धीर सुटला. "डॉक्टर म्हणतात, थोडे दिवस बंद करून बघा, पण लक्ष ठेवा. तूही तेच म्हणतेस. ठीक आहे, करते बंद. पण आवाज परत आले तर मी तुला विचारीन हं."

थेंब बंद झाले. मी दादाच्या कानांवर नजर ठेवून राहिले. कुणी पंख्याचं बटण दाबलं की मी आधी त्याच्याकडे बघायचे.

आवाज आले नाहीत. उलट हात मोकळा झाला, चेहऱ्यावर हसू दिसायला लागलं, आणि एका सकाळी फळ्यावरचं वर्तुळ पूर्ण मिटलं. आईने देवापुढे साखर ठेवली. "झाला माझा मुलगा बरा. तुझे ते रिसेप्टर राहू देत तिकडे शीळफाट्याला."

मला आनंद झाला, पण धड झाला नाही. रुमाल एकही नाही आणि कल्लाही नाही, हे कसं? मग तो आजारी होता की नव्हता? बाटलीत औषध होतं की पाणी? आणि मी इतकी वर्षं मान मोडून मोजतेय ते नेमकं काय? भाऊ बरा झाला म्हणून चिडणारी बहीण जगात मी एकटीच असेन.

लेक्चर तोंडावर आलं आणि दादा पुन्हा आखडला. आधीपेक्षा जास्तच. आता मात्र माझी मती गुंग झाली. रविवारी मी कपडे वाळत घालत होते, तर तो गॅलरीत आला.

"अगं, एक विचारू? आईला बोलू नकोस."

"विचार की."

त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "ह्याने हात आखडतो का गं?"

मी नाव वाचलं. आईच्या बाटलीवर होतं तेच औषध.

"ही कुठून आली?"

"कल्याणला एक डॉक्टर आहेत. दिवाळीनंतर गेलेलो, एकटाच. तेव्हा आवाज जरा खाली बसलेले, डोकं चालत होतं. वाटलं, आता नाही गेलो तर कधीच जाणार नाही."

"आणि घरी का नाही सांगितलंस रे?"

"मेलो तरी घेणार नाही म्हणालेलो ना? मग कुठल्या तोंडाने सांगू?" त्याने पट्टी खिशात टाकली. "मध्ये हात मस्त झालेला. आता परत तेच. लेक्चर आलंय. उद्यापासून बंदच करतो."

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. "आई, थेंब परत सुरू केलेस?"

आई ताक घुसळत होती. तिने मान वर केली नाही. "लेक्चर जवळ आलं. भीती वाटली गं."

म्हणजे तो दोन्हीकडून औषध घेत होता. एक आईच्या हातचं, एक स्वतःच्या. सगळं उलगडलं, आणि मी आधीपेक्षा जास्त गोंधळले. गप्प राहिले तर तो स्वतःच्या मनाने घेतलेली, खरी उपयोगाची गोळी टाकून देणार. बोलावं तर काय बोलावं? ज्याला लोक आपल्यामागे कुजबुजतात असा भास व्हायचा, त्याला सांगायचं की घरात आम्ही दोघी खरंच कुजबुजत होतो?

जेवायला बसलो. आईने पोच्याचा पेला दादापुढे ठेवला. त्याने हात पुढे केला तसा मी पेला माझ्याकडे ओढला.

"हे पिऊ नकोस, दादा. यात औषध आहे."

तो बघत राहिला. राग आलाय की रडू येतंय, काही कळेना. ते चेहऱ्यावर आणणाऱ्या निरोपांवरच आम्ही रुमाल टाकून ठेवले होते. मला स्वतःची लाज वाटली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"गणपतीनंतर," आई म्हणाली. "मध्ये बंद केलं होतं."

त्याने खिशातली पट्टी ताटाशेजारी ठेवली. "मी पण घेतो. दिवाळीपासून."

"अरे, कुठनं आणलंस?"

"कल्याणहून."

"एवढं कल्याणला कशाला जायचं?"

"मग तू कुठे गेलेलीस?"

"ठाण्याला," ती म्हणाली.

मला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. दादा पान तसंच टाकून उठला.

त्यानंतर बरेच दिवस तो घरचं जेवला नाही. स्वतः अंडी उकडायचा, केळी आणायचा, साल स्वतः काढायचा. आई दाराशी उभी राहून बघायची आणि आत येऊन डोळे पुसायची. पण तो आमच्याबरोबर डॉक्टरकडे आला. आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवरच्या, डोंबिवलीतल्याच. डॉक्टर एक, गोळी एक, ती दादाच्याच हातात. सरांनी लेक्चर थोडं पुढे ढकललं. त्याने घेतलं. वर्तुळ जरासं उघडं राहिलं, ते त्याने पुन्हा खडू टेकवून जोडलं, आणि बॅच मिळाली.

दादाला बरं कुणी केलं, हे मला अजून सांगता येत नाही. आईने फसवून पाजलं नसतं तर तो आपणहून कल्याणला गेला नसता. आणि आपणहून गेला नसता तर थेंब बंद झाल्यावर टिकला नसता. कुठल्याही नळीत मला हे मोजता येणार नाही. रुमाल कुणी टाकला, आईने की त्याने, हे त्या जागांना कळत नसतं.

बॅचच्या पहिल्या दिवशी तो जेवायला टेबलाशी आला. अंडी न घेता. आईने त्याच्याच पेल्यात ताक ओतलं, समोर बसली, आणि उष्ट्याच्या नावाने आयुष्यभर आम्हाला ओरडत आलेल्या माझ्या आईने त्याच्या पेल्याला तोंड लावून पहिला घोट घेतला. मग पेला त्याच्यापुढे सरकवला. दादाने तो हातात फिरवून बघितला, आणि तिचे ओठ लागले होते तिथूनच प्यायला.