एदेलमीराचं घर समुद्र ओलांडतं

चिली देशातल्या चिलोएजवळच्या त्या चिमुकल्या बेटावर एकेकाळी अकरा घरं होती. शाळा बंद पडली, तशी लेकुरवाळी माणसं निघून गेली. मागोमाग म्हातारी माणसंही गेली. उरली एकटी एदेलमीरा. अडुसष्ट वर्षांची, पंधरा-वीस मेंढरं आणि नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधलेलं लाकडी घर सांभाळत. समोरच्या मोठ्या बेटावरून तिची लेक नोएमी दर रविवारी होडीने यायची आणि तेच टुमणं लावायची.

"आई, चल आता. आजारी पडलीस तर इथे कुत्रंही विचारायचं नाही."

"कुत्रं आहे की! तूच त्याला हाकलतेस."

"मस्करी पुरे. माझ्याकडे चल."

"तिथे तुझी सासू आहे. एका म्यानात दोन तलवारी कशाला? आणि घर सोडून मी कुठेही यायची नाही."

होडीवाला रोसामेल दोर गुंडाळत होता. तो म्हणाला, "घर सोडा म्हणतंय कोण, काकू? बरोबर घेऊन चला की!"

त्या बेटांवर अख्खं घर बैलांनी नि होड्यांनी ओढून नेणं काही नवं नव्हतं. पण त्याला गावचे हात लागतात, आणि ज्याचं घर त्याने दारोदार जाऊन ते मागायचे असतात. एदेलमीराचं घोडं तिथेच अडलं. नवरा गेल्यापासून तिने कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं. तीन आठवडे तिने मनाशी भांडण केलं. मग एके सकाळी काळी शाल पांघरून ती रोसामेलच्या होडीत बसली.

पहिलं दार बाउदिलिओचं, बैलांच्या सात जोड्या राखणाऱ्या म्हाताऱ्याचं.  एदेलमीरा मागायचं सोडून आपली बटाट्याच्या पिकाबद्दलच बोलत राहिली.

शेवटी तोच म्हणाला, "बटाट्यांचं राहू दे, बाई. घर कधी ओढायचं ते सांग."

वीसेक माणसं येतील असा तिचा अंदाज होता. आली साठ! दारं-खिडक्या उतरवल्या, खाली ओंडके घातले, होड्यांतून आणलेल्या बैलांनी घर किनाऱ्यावर आणलं. भरती चढली आणि रिकामी पिंपं बांधलेलं ते घर हलकेच तरंगलं. चार होड्या ते ओढू लागल्या. रोसामेलच्या होडीत एदेलमीरा जीव मुठीत धरून बसली होती. मध्यावर पाण्याच्या ओढीने घराला धरलं आणि ते नाचणाऱ्या बाईसारखं सावकाश गोल फिरलं. आधी सगळ्यांनी आरोळी ठोकली, मग हसू फुटलं. पलीकडे मोठ्या बेटावर बैलांच्या दुसऱ्या जोड्यांनी ते तसंच पाठमोरं चढावर नेलं.

"अहो, दार रस्त्याकडे आलं! मला समुद्राकडे हवं होतं. फिरवा!"

बाउदिलिओने घाम पुसला. "बैलांना तूच सांग. माझं ते आता ऐकायचे नाहीत."

एदेलमीरा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग मेंढीचं मटण, उकडलेले बटाटे, सफरचंदाची दारू आणि ओल्या जमिनीवर नाच!

पहिले काही दिवस अवघड गेले. जाग आली की ऊन भलत्याच खिडकीत असायचं. दार उघडावं तर समोर लाटांऐवजी टोपल्या घेऊन चाललेल्या बायका. त्या "कशा आहात?" विचारायच्या, ही नुसती मान हलवायची. मग कधीतरी तिने उत्तर दिलं. पुढे दारात एक बाक आला, चुलीवर किटली आली.

महिन्याभराने एका रविवारी नोएमी नेहमीसारखी आली, तर आत पाच बायका गप्पांत रंगलेल्या.

"आई, मी कुठे बसू?"

"तू घरचीच. उभ्याने कांदे चीर."