शब्दांची माहेरं विचारणारी बाई

पहाटेच्या गाडीनं अकोल्याहून अमरावतीला फुलं आणणारा आमच्या तिकडच्या गल्लीतला माळी त्या दिवशी बाजारात न जाता थेट कचेरीच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. मी डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत भाषांतरकार. पुढ्यात एक इंग्रजी हुकूम होता. "भाऊ, बाई गेली," तो म्हणाला. टोपली अजून त्याच्या डोक्यावरच होती...

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन ती माघारी आली, आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. वडील थकलेले, त्यामुळे अकोल्यातला मोर्णा नदीकाठचा मळा आणि जुन्या शहराच्या बाजारातलं भाजीचं दुकान, दोन्ही तिच्यावर. मी हायस्कुलात जाऊ लागलो तेव्हा संध्याकाळी तिच्या तराजूशेजारी बसून धडे घोकायचो. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण एखादा शब्द कानावर पडला की विचारी, "याचं मायेर कोनतं?" पोरीबाळींसारखे शब्दही कुठून तरी नांदायला आलेले असणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती. मग शाळेतला जाडजूड कोश धुंडाळून मी उत्तर आणायचो. फोर्टनाइट म्हणजे मुळात चौदा रात्री, असं सांगितलं तर म्हणाली, "आपला पंधरवडा, अन् त्यायच्या चौदाच? गोऱ्यायनं तिथंबी काटा मारला." लेडी म्हणजे जुन्या काळी भाकरीचं पीठ मळणारी, हे तिला फार पटलं. "अन् लॉर्ड?" "भाकरी राखणारा." "राखनारा? खानारा म्हन." शेजारच्या बायका हसत, आणि माझं गिऱ्हाइकांकडे लक्ष नाही म्हणून वर मलाच बोलणी बसत.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी परतवाड्याहून तिच्यासाठी पाटाचं स्थळ आलं. फळांचा व्यापारी, बिजवर, माणूस बरा. आमच्यात विधवेचा पाट लागतो, वडिलांची ना नव्हती. एका संध्याकाळी दुकान आवरताना तिनं विचारलं, "जाऊ का रे?" ती गेली तर माझी शाळा सुटणार, हे मला लख्ख दिसत होतं. "तुयी मर्जी," म्हणून मी पुस्तकात डोकं घातलं. ती गेली नाही. मी पास झालो, नोकरीला लागलो, आणि न म्हटलेला 'जा' हा एक शब्द माझ्यापाशीच राहिला... तो बायकोलाही कधी सांगितला नाही.

गेल्या दिवाळीत मात्र बोललो. बाई ओट्यावर लसूण सोलत होती. म्हणालो, "बाई, तवा मी तुले जा म्हनायले पायजे होतं."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं हातातला लसूण खाली ठेवला. "इतकी वर्सं हे घेऊन फिरून राहिला तू? अरे, मी त्या मानसाले एकच इचारलं होतं, का मी बजारात बसत जाऊ का. तो म्हने, आमच्या घरची बाई दुकानात बसत नाई. मंग कशाले जाऊ? तुले इचारलं ते उगाच, तू काय म्हंतं पाहाले."

मनावरचा दगड उतरला. पण खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. मी तिला मनातल्या मनात त्यागाची मूर्ती करून ठेवलं होतं, आणि ती इकडे मजेत भाजी विकत होती. का मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाली? आता ते कोण सांगणार...

तेरावा झाल्यावर बाजारात गेलो. तिची जागा रिकामीच होती. शेजारच्या तुळसाबाईनं तिथं कोणाला टोपली ठेवू दिली नव्हती. पोतंही तसंच अंथरलेलं. मी उभाच राहिलेला पाहून ती म्हणाली, "बस ना भाऊ. तू आला का बाई दुसऱ्या दिशी समद्यायले नवा शब्द सांगे. आता तूच सांग."

हे मला ठाऊकच नव्हतं. मी पोत्यावर बसलो. रोज शब्दांतच जगणारा मी, पण त्या क्षणी एकही आठवेना. तुळसाबाईनं सुपातल्या वालाच्या शेंगा माझ्यापुढं सरकवल्या.

"आठवंल. तवरोक ह्या सोल."