फोटोच्या अलीकडचं

मी या ग्रुपवर दोन-तीन वर्षं नुसती वाचते. लिहिलं कधीच नाही, आणि खरं सांगायचं तर बरेचसे गूढ अनुभव वाचून हसतेही. आम्ही बौद्ध. आमच्या घरात नजर काढणं, अंगारा, अमावास्या... यातलं काहीच नाही, आणि ते नसण्याचा माझ्या पप्पांना केवढा अभिमान! त्यामुळे हे लिहिताना जरा चोरट्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

पप्पा हदगावचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या मागची अक्षरं, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आले आणि काम कमी झालं. मग साठीच्या आतच काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. आधी कडा गेल्या, मग मधलं. नांदेडच्या डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीत टॉर्च डोळ्यांवर धरून विचारलं, "उजेड दिसतो का काका?" पप्पा म्हणाले, "लावा की, बघतो."

टॉर्च चालूच होती.

मी कृषी सहाय्यक आहे. निलंगा तालुक्यात पोस्टिंग, निलंग्यातच भाड्याची खोली. नवरा धर्माबादला शाळेत विज्ञान शिकवतो, शनिवारी येतो. पप्पांना थोडं दिसत होतं तेव्हा त्यांनीच हा खेळ काढला होता — "रोज एक फोटो धाडत जा. सरकारी कामाचा नको. तुला मनातून आवडलेलं काय बी." मग मी आईच्या मोबाईलवर रोज एक पाठवायला लागले. बांधावर झोपलेलं कुत्रं, स्टँडवरच्या केळीवालीचा हात, स्कूटीच्या आरशात मावलेलं सोयाबीन... काहीही. मलाही मजा यायची. दिवसभर डोळे शोधत राहायचे, आज काय पाठवू.

दृष्टी पूर्ण गेली तेव्हा मी थांबले. न दिसणाऱ्या माणसाला फोटो कसा पाठवायचा? दुसऱ्याच दिवशी फोन.

"फोटो आला न्हाई माय?"

"पप्पा, पण तुम्ही..."

"तुही माय सांगती ना मला. तू धाड."

आईचं सांगणं म्हणजे — "झाड हाय एक." "कायचं?" "आता झाड म्हंजे झाड! हिरवं हाय." फोनवर त्यांचं हे भांडण ऐकणं हा माझा रोजचा कार्यक्रम झाला.

पहिल्यांदा खटकलं ते मागच्या हिवाळ्यात. मी शेळीच्या पिल्लाचा फोटो पाठवला होता. आईने सांगितलं, शेळीचं पिल्लू हाय, कान लांब हायत. पप्पा म्हणाले, "ते ठीक हाय. पण तू विहिरीच्या एवढ्या काठाशी कशाला उभी ऱ्हायलीस? कठडा न्हाई तिला."

विहीर माझ्या पाठीमागे होती. फोटोत तिचा दगडसुद्धा नव्हता. आणि कठडा खरंच नव्हता.

अंदाज असेल, म्हटलं. शेत म्हटलं की विहीर आलीच. पण मग अधूनमधून होतच राहिलं. पाऊलवाटेचा फोटो पाठवला तर म्हणाले, "चप्पल तुटली काय आज?" तुटली होती. एकदा मी मुद्दाम खोलीच्या कोऱ्या भिंतीचा फोटो काढला, आणि काढताना डोक्यावर पिवळी बादली उपडी घातली... हो, एकटीने, दार लावून! पप्पा म्हणाले, "परीक्षा घेऊन राहिली का माही?" बादलीचं नावही नाही. मला हायसं वाटलं. बघ, म्हटलं, काही नाही त्यात.

मग यंदाचा उन्हाळा. मला दिवस गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, पाचवा महिना लागला की सांगू असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. एका मंगळवारी ते सगळं संपलं. त्याबद्दल जास्त लिहवत नाही. नवरा लगेच आला. दोन दिवस दवाखान्यात होते, गुरुवारी संध्याकाळी खोलीवर आले. सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं म्हणून नवऱ्याने घरमालकिणीकडून एक हिरवा पडदा मागून आणला आणि खिडकीला बांधला. त्याची एक कडी तुटलेली होती.

घरी काहीच कळवलं नव्हतं. पप्पांना सोसणार नाही, असं मला वाटलं. फोन टाळायचे, 'कामात आहे, नंतर बोलू' एवढं टाइप करायचे. पण फोटो चुकला असता तर विचारलं असतं. म्हणून रोज गॅलरीतला एक जुना पाठवत होते. शुक्रवारी सकाळी करडईच्या शेताचा पाठवला. नवरा औषधं आणायला बाहेर गेला होता. मेसेजच्या टिक्स निळ्या झाल्या नव्हत्या, म्हणजे आईने तो उघडलाही नव्हता. तेवढ्यात हदगावच्या घराशेजारच्या मावशींच्या नंबरवरून फोन आला. पप्पा होते.

"उठू नको. पडल्या पडल्याच बोल."

"मी फील्डवर आहे पप्पा."

ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "जावयाला सांग, तो हिरवा पडदा नीट बांधा म्हणावं. कोपरा लोंबून राहिला. तुह्या डोळ्यावर ऊन येऊन राहिलं."

येत होतं. मी डोळ्यांवर आडवा हात धरून पडले होते.

"आई कुठंय?" मला एवढंच सुचलं.

"सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाली. तुह्याकडंच."

आई नांदेड, लातूर करत तीनच्या सुमारास पोचली. हातात एक पिशवी, पदर घामाने भिजलेला. मी विचारलं, तुला काय सांगितलं पप्पांनी?

"म्हणले, पोरगी पडून हाय, तू जा. म्या म्हणलं, फोन करून इचारते. तर म्हणले, इचारू नको, ती खोटं बोलंल. जा."

मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला काही विचारायची गरज राहिली नाही. चप्पल दारात सोडली, पलंगावर बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं. मंगळवारपासून मी पहिल्यांदा मोठ्याने रडले.

संध्याकाळी मी मावशींच्या नंबरवर फोन लावला.

"पप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

"चार दिस झाले, तू फोटोत येईनास."

"मी फोटोत कधीच नसते. मी तर काढते."

"मंग? मी दुसरं काय बघतो? झाडं-बिडं तुह्या मायसाठी."

मग त्यांनीच विचारलं, "कितवा होता?"

"चौथा."

"हं." मग, "मायला लगेच धाडू नको. माझं चालतंय हितं. मावशी हायत."

नंतर मी सगळं तपासून पाहिलं. नवरा शपथेवर सांगतो, त्याने कुणाला एक शब्द सांगितला नाही. घरमालकिणीकडे आमच्या घरचा नंबर नाही. नांदेडच्या डॉक्टरांना भेटून विचारलं, तर ते म्हणाले, दृष्टी गेलेली माणसं आवाजावरून पुष्कळ ओळखतात. मान्य. पण मंगळवारपासून आई निघेपर्यंत माझा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. आणि पडदा तर आदल्या संध्याकाळी लागला होता...

हे लिहू का म्हणून पप्पांना विचारलं. "लिही. पण माझं नाव टाकू नको. लोक नारळ घेऊन दारात बसतील, आन् मी कुठं असलं काय मानतो!"

मीही मानत नाही. अजूनही नाही, आणि दुसरं उत्तरही माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा. फोटो मात्र रोज पाठवते, त्याच दिवशीचा. आणि काढण्याआधी, समोर दगड असो की बैल, मी आधी तोंडावरून हात फिरवते, केस नीट करते आणि थोडं हसते.