आपांच्या नावावर गेलेली मेंदी

रुबीनाचा फोन आला तेव्हा मी एका बाईच्या भुवया करत होते. दोरा दातात, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून माझ्या मुलीनं फोन कानाशी धरला. "अम्मी गेली गं सुमन. दुपारी जेवून बसली होती, बसल्या जागी..." मी ती भुवई पुरी केली, दुसरीही केली, आणि मग मोरीत जाऊन बसले. रुबीनाची अम्मी, जमिलाआपा, माझ्या नात्यातल्या नव्हत्या. शिरूरला एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मेंदीचं आणि पार्लरचं काम चालायचं. सातवीतच शाळा सुटलेल्या मला त्यांनी हे काम शिकवलं, आणि आज जामनगरला, गावापासून इतक्या लांब, माझी चूल त्यावर पेटते. पण तो फोन आल्यापासून मला स्वस्थता नाही, ती नुसत्या दुःखानं नाही. आठ दिवसांनी रुबीनानं परत फोन केला. भेटायला आलेल्या बायकांत कुणीतरी म्हणालं होतं, बाई सोन्यासारखी होती, त्या सविताचे हात जाळले तेवढं सोडलं तर. रुबीनानं मला विचारलं, "तू तवा तिथंच व्हतीस. खरंच अम्मीच्या हातनं झालं का गं ते?" रुबीना आपांची एकुलती एक लेक. तिलाही आपांनी कधी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवून दिला.

मी वडगाव रासाईची. शिरूरला मावशीकडे राहायला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि मला सगळ्याची भीती वाटायची. आपल्या हातून काही सांडेल, कुणी ओरडेल, परत पाठवतील. आपा ओरडायच्या नाहीत. त्यांच्याकडची मेंदी बाजारातली नसायची. ओळखीच्या मळ्यांतल्या कुंपणांवरून मेंदीचा पाला यायचा, तो सावलीत वाळवायचा, कुटायचा आणि जुन्या ओढणीतून तीनदा चाळायचा. चहाचं पाणी, लिंबू, निलगिरीचे चार थेंब, एवढंच त्यात जायचं. या मेंदीचा रंग सावकाश चढतो. वाळलेली मेंदी काढल्यावर हात केशरी दिसतात आणि खरा रंग दुसऱ्या दिवशी येतो. नव्वदीच्या त्या वर्षांत बाजारात अर्ध्या तासात काळे करणारे कोन आले होते आणि बायकांना तेच हवे असायचे. "आपा, ही मेंदी हाय का हळद?" असं तोंडावर म्हणायच्या. आपा हसून म्हणायच्या, "घाई असंल तर चुलीतला कोळसा लावा, लगीच काळं व्हतंय."

सविता ही मला पहिल्यांदाच एकटीनं करायला दिलेली नवरी. शिरूरची मुलगी, पाटसला द्यायची. आपा दुसऱ्या खोलीत तिच्या बहिणींना मेंदी लावत होत्या. नवरीच्या आत्याबाई माझ्या डोक्यावर उभ्या. "पाटसच्या बाया आधी हात बघत्यात. मेंदी जेवढी काळी, तेवढी सासू जीव लावती. केशरी हात घिऊन गेली तर पोरीला जन्मभर ऐकवतील." सविता मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, उद्या या बायकांनी हात केशरी बघितला, तर म्हणतील शिकाऊ पोरीला बसवलं, आणि आपा मला परत नवरी देणार नाहीत. आपा केसांना कलप लावून द्यायच्या, त्याची पाकिटं फळीवर होती. बाजारातल्या कोनात तेच घालतात, हे मी ऐकून होते. पाणी आणायला उठले, एक पाकीट कोनात रिकामं केलं, कालवलं, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. अर्ध्या तासात काळेभोर. आत्याबाईंनी माझी दृष्ट काढली. आपांनी लांबून बघितलं, म्हणाल्या, "लई चढला गं आज." मी म्हणाले, पाला नवा हाय.

हळदीला सविताचे हात खाजायला लागले. लग्नात तिला हार धरता येईना. तिसऱ्या दिवशी निरोप आला की तिला दौंडला कातडीच्या डॉक्टरांकडं आणलंय. आपा आणि मी गेलो. मी जी वेल काढली होती, पान न् पान, कोयरी न् कोयरी, ती तशीच्या तशी फोडांची होऊन उठली होती. बोटं एकमेकांना टेकत नव्हती. तिची सासू बाकावर बसून आपांना काय काय बोलली. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी समजावून सांगितलं. काळ्या मेंदीत पुष्कळदा केसांचा कलप घालतात, त्यात एक रसायन असतं, ते कातडीवर असं लावून ठेवायचं नसतं. एकदा अंग त्यावर चिडलं की जन्मभर लक्षात ठेवतं, हिनं आता कलपाला कधीच शिवायचं नाही. मग त्यांनी विचारलं, "मेंदीत काय घातलं होतं?" आपांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. आणि म्हणाल्या, "कलप पडला असंल, डॉक्टरसाब. माझी चूक."

परतीच्या एस.टी.त मी रडत सगळं सांगितलं. भीमेचा पूल गेल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "पाटी माझी हाय, नाव माझं जाऊंदे. तुझं लगीन व्हायचंय. पर सुमे, परत असं करशील तर मी कुणासाठी अंगावर घेतलं हे?" मला तेव्हा हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. दोन लग्नसराया त्यांच्या दारात नवरी आली नाही. मी तिथंच काम करत होते. तोंड उघडलं नाही.

त्या मात्र बदलल्या. कलपाची पाकिटं त्यांनी फळीवरून काढली ती कायमची. कुणाला लावायचाच असेल तर म्हणायच्या, आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका, दोन दिवस थांब, मग बोलू. नखाचं पॉलिश काढताना खिडकी उघडी. आठ दिवसांत गोरं करणारी बिननावाची क्रीम कुणी आणली की विचारायच्या, "नाव सांगायला लाजतीय ती क्रीम, आन् तू तोंडाला लावतीस व्हय?" इंग्रजी त्यांना येत नव्हतं, मलाही धड नाही. मग डबीवरचं मी एकेक अक्षर लावून वाचायची, त्या ऐकायच्या, आणि गाडी अडली की डबी बाजूला ठेवायच्या. एकदा एक बाई म्हणाली, मग आम्ही लिंबूच चोळतो, झाडाचं हाय. आपा म्हणाल्या, "बिब्बा बी झाडाचाच हाय." कमी लावा, हे त्यांचं शेवटचं औषध असायचं. चार वस्तूंतल्या दोन टाका, दोन कळतील अशा ठेवा.

जामनगरला माझ्या दुकानात काळा कोन नाही. गिऱ्हाईक उठून शेजारी जातं, मी बघत बसते. हे मी आपांना कधी कळवलं नाही. फोनवर खुशाली विचारायची, पाऊस विचारायची, आणि ती गोष्ट निघायच्या आत ठेवून द्यायची...

चाळिसाव्याला मी शिरूरला गेले. पुढच्या खोलीत रुबीना आणि मी दोघीच उरलो तेव्हा सांगितलं. उभ्या-उभ्याच सांगितलं, बसवेना. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "अम्मी मला एकदा म्हणली व्हती, सुमी तिकडं काळी मेंदी लावती का, इचार. मी म्हणलं, तूच इचार की. तर म्हणली, नगं. तिला वाटंल मी अजून तेच धरून बसलीय." मी म्हणाले, नाही लावत गं. रुबीना म्हणाली, "मला सांगून काय उपेग? अम्मीनं केलं न्हाई म्हणत मी किती घरं फिरू? तू लिही." म्हणून लिहिलं. सविताच्या मेंदीत कलप मी घातला. घातला तेव्हा आपांना ते माहीतही नव्हतं. सविताला पाटसच्या पत्त्यावर वेगळं पत्र टाकलंय. उत्तर आलेलं नाही, येईल असंही नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात गल्लीतली एक नवी सून दारात आली. हातात गुलाबी डबी. नेहमीच्या सवयीनं आली असावी, कारण उंबऱ्यावर आल्यावर आपा नाहीत हे तिला आठवलं आणि ती ओशाळली. मी डबी मागून घेतली, खिडकीशी नेली. वर फुलाचं चित्र, खाली काहीच नाही. कुणी केली, कशाची केली, एक अक्षर नाही.

"नको लावूस," मी म्हणाले.

"नंदेनं आणलीय. रागावंल." तिनं डबी परत घेऊन पदरात धरली. "आपांनी सांगितलं व्हतं म्हणू का? त्यांचं नाव घेतलं की कुणी बोलत न्हाई."

"आपांचं नको," मी म्हणाले. "स्टँडमागं काम शिकलेल्या सुमननं सांगितलं म्हण. वडगाव रासाईची सुमन. काय बोलायचं ते तिला बोला."