पाण्यावरची आई

सकाळी निर्मलाच्या शेजारच्या सूनबाईंचा फोन आला. "काकू, निर्मलाकाकू दार उघडून नाही राहिल्या." आमची दोघींची घरं प्रताप नगरात, मध्ये दोन गल्ल्या. तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते... असायची. मी गेले, दार उघडलं. ती समीरच्या खोलीत, त्याच्या पलंगावर कुशीवर निजली होती. हात गार पडला होता. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. आता दीड महिना होत आला, तरी त्या गल्लीतून जाताना माझी पावलं तिच्या फाटकाशी अडतात.

समीर तिचा धाकटा. कॉलेजात असताना मित्रांबरोबर रामटेककडच्या एका तलावावर गेला आणि बुडाला. देह सापडायला वेळ लागला. तोवर निर्मला काठावर बसून होती, कोणी उठवलं तरी उठत नव्हती. नंतर नातेवाइकांनी, तिच्या भल्यासाठीच, त्याचे कपडे वाटून टाकले, खोलीला कुलूप लावलं. नवरा आधीच गेलेला, त्यामुळे जो तो तिला समजावायला यायचा, आता सोड म्हणायचा. तिनं मान डोलावली आणि त्याच्याबद्दल बोलणंच बंद केलं. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो, एकाच ऑटोनं जायचो-यायचो, पण एवढ्या वर्षांत त्याचं नाव मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. तलावाकडे फिरायला जाऊ म्हटलं की तिला घरचं काहीतरी काम आठवायचं.

म्हणून तिच्या थोरल्या लेकीनं, केतकीनं कॅनडातून कळवलं, की शिडाच्या बोटीतून किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचंय, देवमासे आणि अस्वलं बघायचीत, तेव्हा निर्मला नाही म्हणेल हे मी धरूनच चालले होते. पण ती म्हणाली, "तू येशील त जाऊ."

पहिले दोन दिवस ती कठड्याकडे पाठ करून बसायची. तिला बाहेर ओढलं ते अस्वलानं. ओहोटीला किनारा उघडा पडला होता आणि एक भलं मोठं तपकिरी अस्वल पंजानं दगड उलटून खालचे खेकडे खात होतं. बाजारात वांगी निवडावीत तसं चाललं होतं त्याचं, नीट बघून. निर्मला हसली, उठली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. त्यानंतर ती कठड्याशीच असायची.

मग ती सकाळ. धुकं एवढं की आमच्या शिडाचं टोक दिसत नव्हतं. बोटीची कप्तान, साठीची एक मितभाषी बाई, तिनं इंजिन बंद केलं. धुक्यात कोणीतरी श्वास सोडल्याचा आवाज आला, मोठा, ओलसर. मग दुसरीकडून. मग अगदी जवळून. धुकं विरळ झालं तशी एका देवमाशाच्या मादीची काळी-पांढरी पाठ दिसली आणि तिच्या डोक्यावर काहीतरी पडलेलं. आधी कळलंच नाही. ते पिल्लू होतं, मेलेलं. ते घसरून खाली जायचं, ती बुडी मारायची आणि पुन्हा डोक्यावर तोलून वर आणायची. बाकीचे देवमासे तिच्या दोन्ही बाजूंनी, तिच्याच चालीनं, हळूहळू पुढे जात होते.

ही किती दिवस असं नेईल, असं निर्मलानं केतकीकरवी विचारायला लावलं. सांगता येत नाही, कप्तान म्हणाली, तिचं ती ठरवेल.

निर्मला बराच वेळ बघत राहिली. मग माझा दंड धरून म्हणाली, "पाह्य वं. तिले कोणीच सोड म्हणून नाही राहिलं."

त्या संध्याकाळी ती बोलली. समीर जेवताना पाय कसा हलवायचा, कांद्याची भजी कशी कढईतूनच पळवायचा, तलावावर जायच्या सकाळी कोणता शर्ट घालून गेला... केतकी ऐकत होती. भावाच्या कितीतरी गोष्टी तिला पहिल्यांदाच कळत होत्या.

नागपूरला परतल्यावर निर्मलानं त्या खोलीचं कुलूप काढलं, जाळी झाडली, पलंगावर धुतलेली चादर घातली. रात्री तिथंच निजू लागली. मी गेले की आमचा चहा त्याच खोलीत व्हायचा. ती समीरचं नाव सहज घ्यायची, तो पलीकडेच बसला असावा तसं. खरं सांगते, काही वेळा मला तिथं बसवत नसे. बोलता बोलता ती मध्येच थांबायची, कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी, आणि मग पुढे बोलायची. पण तिचा चेहरा त्या शेवटच्या वर्षात जेवढा शांत होता, तेवढा मी आधी कधी पाहिला नव्हता.

तेरवीनंतर नातेवाईक पुन्हा म्हणाले, आता ही खोली रिकामी करून टाक. केतकीनं सगळं ऐकून घेतलं. "राहू द्या," एवढंच म्हणाली.

दुपारी सगळे गेल्यावर मी चहा घेऊन आत गेले. केतकी त्या पलंगावर झोपली होती. भिंतीला पाठ अगदी चिकटवून, अंग चोरून... पुढे दोघांची जागा मोकळी ठेवून. मी कप खाली ठेवला आणि दार तसंच उघडं ठेवून बाहेर आले.